बसवलं, उतरवलं

मंगळवारी सकाळी चहा पिताना बाबांच्या लक्षात आलं की आपल्याला संघातून बसवलंय. ते कप हातात घेऊन ताडकन उभे राहिले, आणि मग परत बसायला तयार होईनात.

संघ टीव्हीतला होता. बाबा मात्र खरे होते. त्यांचे गुडघेही खरे होते, आणि गुडघ्यांच्या डॉक्टरांनी जास्त उभं राहायला सक्त मनाई केली होती. सगळा घोळ त्यातून झाला.

बाबांना बसवणारा त्यांचाच मुलगा. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून गल्ली त्याला चष्मेवाला म्हणायची, आणि आई चिडली की तीही, "चष्मेवाले, जेवायला येताय की पाठवून देऊ?" असं विचारायची. तसं पाहिलं तर बसवणं हाच त्याचा धंदा. काच घासायची, कडेवरून बोट फिरवायचं, फ्रेम जराशी गरम करायची आणि अंगठ्याने दाबून काच बसवायची. नीट बसली की टक् असा आवाज येतो. बाबांना बसवताना कसलाच आवाज आला नाही. सोमवारी संध्याकाळी त्याने एक बटण दाबलं, बाबांचं नाव पडद्यावर पांढऱ्याचं करडं झालं, आणि तो दात घासायला गेला.

गल्लीतल्या दुकानदारांची फुटबॉलच्या गेमची लीग होती. प्रत्येकाने आपापला संघ शून्यातून उभा करायचा, पोरं वाढवायची, म्हातारी झाली की निरोप द्यायचा. गेममधलं वर्ष महिनाभरात उरकायचं, त्यामुळे भरवशाचे खेळाडू बघता बघता पिकायचे. चष्मेवाला लीगमध्ये पहिल्यापासून होता आणि पहिल्यापासून हरत होता. त्याला त्याची सवय होती. शाळेत पोत्याच्या शर्यतीत तो धावला होता तेव्हा पोतं त्याच्याआधी पोचलं होतं. लीगचा चषक समोरच्या दातवाल्या डॉक्टरांकडे असायचा, त्यांच्या दवाखान्यातल्या काचेच्या कपाटात, प्लास्टरच्या दातांच्या शेजारी. दरवेळी तेच जिंकत, त्यामुळे चषक कपाटातून बाहेर काढायचा प्रश्नच येत नसे. फक्त वरून फडकं मारलं जाई. आणि यंदा, कसं कोण जाणे, चष्मेवाला फायनलला पोचला होता. आयुष्यात एकदा, एकदाच, ते कपाट आपल्यासाठी उघडावं एवढीच त्याची इच्छा होती.

बाबा संघात आले ते गरजेपोटी. सुरुवातीला चष्मेवाल्याकडे गोलकीपर नव्हता. गेममध्ये 'आपला खेळाडू बनवा' अशी सोय होती, म्हणून त्याने बाबांना बनवलं. नाक जमलं, कान जमले, मिशी काही जमेना. गेममध्ये मिश्यांची रेलचेल होती, पण बाबांची नव्हती. त्यातल्या त्यात जवळची लावली, ती जरा जास्तच रुबाबदार निघाली. दुसऱ्या दिवशी बाबा सलूनमध्ये जाऊन आपली मिशी तिच्यासारखी कातरून आले.

"वय काय टाकलंस?" त्यांनी विचारलं होतं.

"एकोणीस."

"बरोबर," बाबा म्हणाले. जणू वय विचारायला आलेल्या माणसाने कागदपत्रं तपासून घेतली होती.

बाबा निवृत्त बस कंडक्टर. डेपोच्या संघात ते खरोखरच गोलकीपर होते, कारण धावायचा त्यांना कंटाळा आणि उभं राहायची सवय. त्यामुळे टीव्हीतल्या एकोणीस वर्षांच्या स्वतःकडे बघताना त्यांना वावगं असं काहीच वाटलं नाही. ते रोज संध्याकाळी टीव्हीसमोरच्या खुर्चीत ठाण मांडून बसत आणि आपल्या बचावफळीवर ओरडत, "पुढे चला, पुढे! दारात गर्दी करू नका! मध्ये मोकळं आहे सगळं!" चष्मेवाला शपथेवर सांगायचा की ते ओरडले की बचावफळी खरंच पुढे सरकायची.

पण वर्षं सरली. टीव्हीतले बाबा चाळिशीला टेकले. गेमने आपणहून त्यांच्या कानशिलावर पांढरे केस दाखवायला सुरुवात केली. सेमीफायनलमध्ये सलूनवाल्याने मैदानाच्या मध्यातून सहज म्हणून मारलेला चेंडू टप्पे खात, वाट विचारत आल्यासारखा आला आणि बाबांच्या पायांमधून आत गेला. चष्मेवाला कसाबसा जिंकला. त्याच दिवशी गेमने त्याला एक नवा गोलकीपर देऊ केला. वीस वर्षांचा, सडपातळ, मांजरासारखा चपळ.

म्हणून सोमवारी ते बटण.

"हे माझं नाव असं मळकट का दिसतंय?" मंगळवारी सकाळी बाबांनी विचारलं तेव्हा चष्मेवाला बुटाची नाडी बांधत होता.

"बाबा, फायनलला जरा विश्रांती घ्या."

"मला बसवलंस?"

"बसवलं म्हणजे, राखीव. बाकावर."

"मला. बसवलंस."

"बाबा, तुमची चपळाई बघा. त्रेचाळीसवर आलीये."

"शंभरपैकी?"

"शंभरपैकी."

"आमच्या वेळी त्रेचाळिसात वरच्या वर्गात घालायचे." बाबांनी कप टेबलावर ठेवला, ठेवताना वाकले पण बसले नाहीत. "आणि हा कोण पोरगा? कोणाचा?"

"कोणाचाच नाही. गेमने बनवलाय."

"आईवडील?"

"नाहीत."

"म्हणजे घरचा माणूस बसवायचा आणि बेवारशाला घ्यायचं," बाबा म्हणाले. "ठीक आहे. तू मला बसवलंस ना? बघू कसा बसवतोस ते."

आणि ते उभेच राहिले.

उभं राहण्यात बाबांचा हात धरणारं कोणी नव्हतं. उभ्या जन्मात त्यांनी उभ्यानेच नोकरी केली होती, तीही हलत्या जमिनीवर. न हलणाऱ्या जमिनीवर उभं राहणं त्यांना जवळजवळ सुट्टीसारखं होतं. त्या दिवसापासून ते उभ्याने जेवले, ताट फ्रिजवर ठेवून. उभ्याने पेपर वाचला. चप्पल उभ्याने घातली, एक पाय हवेत धरून, भिंतीचा आधार न घेता, कारण आधार घेतला तर ती अर्धी माघार झाली असती. सलूनमध्ये गेले तेव्हा खुर्चीत बसायला नकार दिला, त्यामुळे सलूनवाल्याने स्वतः स्टुलावर चढून त्यांचे केस कापले. एका बाजूचे जरा आखूड झाले. झोपणं म्हणजे बसणं नव्हे, असा निकाल बाबांनी स्वतःच दिला होता. पण झोपताना आपण आधी पलंगावर बसतो, ते त्यांना चालण्यासारखं नव्हतं. म्हणून ते उभ्याचे थेट आडवे होत, फळी पडावी तसे. गुरुवारी पलंगाची एक पट्टी मोडली. ज्या एका कामाला माणसाला बसल्यावाचून गत्यंतर नसतं, त्याबद्दल घरात कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही काही सांगितलं नाही.

पाहुणे येत, तेही उभे राहत. यजमान उभा असताना बसायचं कसं? मग उभ्या उभ्या काय बोलणार, पटकन निघून जात. आईला हे फार आवडलं.

"अगं आई, काहीतरी कर ना," चष्मेवाला स्वयंपाकघरात कुजबुजला. "गुडघे बघ त्यांचे. भोपळे झालेत."

"मी काय करू? तू बसवलंस, तू निस्तर."

"तू सांगितलंस तर ऐकतील."

"माझं ऐकत असते तर एवढी वर्षं टीव्हीसमोरची खुर्ची त्यांच्याकडे राहिली असती का?" आईने गॅस बारीक केला. "चार दिवस झाले, मी त्या खुर्चीत बसतेय. पाठीला काय छान वाटतं रे. मला कोणी सांगितलंच नव्हतं."

"म्हणजे तुला त्यांचं काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. रात्री तेल चोळते की गुडघ्यांना. तेही उभ्यानेच चोळून घेतात. मी खाली बसते आणि वर बघून बोलते, पुतळ्याशी बोलावं तसं." तिने झाकण काढून भाजी हलवली. "त्यांना खेळायचंय रे. एवढंच आहे."

चष्मेवाल्याला तेही कळत होतं. बाबांनी शुक्रवारी अट स्पष्ट केली होती. मला खेळव, मी बसतो. साधा सरळ व्यवहार. फक्त तो केला तर फायनल हातची जाणार होती. दातवाल्या डॉक्टरांसमोर त्रेचाळीस चपळाईचा गोलकीपर उभा करणं म्हणजे दार उघडं टाकून वर पायपुसणं अंथरण्यासारखं होतं.

त्याने मधला मार्ग काढून पाहिला. "बाबा, तुम्हाला प्रशिक्षक करतो. प्रशिक्षक मैदानाच्या कडेला उभेच असतात."

"मग बसेन कधी?"

"म्हणजे तुम्हाला बसायचंय?"

"मला बसायचं आहे," बाबा दातओठ खात म्हणाले, "पण बसवून घ्यायचं नाही. कंडक्टरने माणसाला बसवणं वेगळं. म्हातारी बाई आली की मी पोरांना उठवायचो आणि तिला बसवायचो. तिकीट नसलेला सापडला की घंटी मारून उतरवायचो. बसवणं म्हणजे मान आणि उतरवणं म्हणजे अपमान. तुमच्या फुटबॉलमध्ये बसवणंही अपमान करून टाकलंय."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. एखाद्या शब्दाचे दोन अर्थ असले की बाबा नेमका स्वतःला लागेल तोच उचलत. या बाबतीत त्यांची चपळाई शंभरपैकी शंभर होती.

फायनल रविवारी दुपारी, दातवाल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. तिथला टीव्ही गल्लीतला सगळ्यात मोठा, एरवी त्यावर हिरड्यांची काळजी कशी घ्यावी ते दाखवत. प्रतीक्षेच्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. आई पुढच्या रांगेत, पर्स मांडीवर घेऊन. बाबा मागे, भिंतीजवळ, उभे. एका पोराने उठून, "आजोबा, बसा ना," म्हटलं, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे असं बघितलं की पोरगा बसला तो पुन्हा हललाच नाही.

"या चष्मेवाले," डॉक्टर म्हणाले. डॉक्टर गोरेगोमटे, नेहमी हसतमुख. हसू हीच त्यांची जाहिरात होती. "आज स्वतःचा चष्मा आणलाय ना? मागच्या वेळी माझा गोलपोस्ट दिसलाच नव्हता तुम्हाला."

"तुम्ही तयारीत राहा, डॉक्टर. आज जरा दुखेल."

"दुखणार नाही असं मीच सगळ्यांना सांगतो," डॉक्टर म्हणाले. "खोटं असतं ते."

सामना सुरू झाला. नवा पोरगा काय खेळला! डॉक्टरांचे फटके त्याने डावीकडे अडवले, उजवीकडे अडवले, एक तर चक्क टाचेने अडवला. खुर्च्यांतून आरोळ्या उठत होत्या. प्रत्येक वेळी पोरग्याने चेंडू धरला की बाबांच्या मिशीचं एक टोक खाली यायचं. चष्मेवाल्याने एक गोल केला, डॉक्टरांनी फेडला. वेळ संपला, जादा वेळ सुरू झाला, तोही संपत आला. बरोबरीच. आता पेनल्टी होणार.

शेवटच्या मिनिटाला चेंडू बाहेर गेला तेव्हा चष्मेवाल्याने मागे वळून बघितलं. बाबांनी एक पाय उचलून दुसऱ्याला टेकवला होता, बगळ्यासारखा. मग पाय बदलला. मग पुन्हा बदलला. त्यांचा चेहरा टीव्हीकडेच होता, पण पोट आत ओढलेलं होतं, दुखणं सोसताना ओढतात तसं. या माणसाने जन्मभर वळणांवर, खड्ड्यांवर, एका हाताने दांडा धरून दुसऱ्याने सुट्टे मोजले होते, आणि आता त्याला दवाखान्याची सपाट फरशी झेपत नव्हती.

चष्मेवाल्याने काचेच्या कपाटाकडे पाहिलं. चषक तिथेच होता. पोरगा गोलात असेल तर तो जवळजवळ त्याचाच होता.

त्याने खेळाडू बदलायची यादी उघडली. पोरग्याचं नाव करडं केलं आणि बाबांचं पांढरं.

"बाबा!" टीव्हीवरची नजर न काढता तो ओरडला. "तुम्हाला उतरवतोय!"

खुर्च्यांमध्ये एकच हलकल्लोळ झाला. सलूनवाल्याने कपाळाला हात लावला. डॉक्टरांचं हसू आणखी रुंद झालं. पेनल्टी सुरू झाल्या आणि चष्मेवाला त्यात बुडाला. त्याने एक मारली, दुसरी मारली, तिसरी बाहेर घालवली. टीव्हीतले बाबा कानशिलावरचे पांढरे केस घेऊन गोलात उभे राहिले, आणि डॉक्टरांनी मारलेला प्रत्येक चेंडू आत जाऊन जाळीत स्थिरावल्यावर शांतपणे खाली पडले. उडी मारत होते, नाही असं नाही. बातमी उशिरा पोचत होती. पण उत्साहाच्या भरात डॉक्टरांनी एक चेंडू वरच्या दांड्याला मारला, आणि चष्मेवाला एका गोलने पुढे राहिला. त्याच्या सगळ्या पेनल्टी मारून झाल्या. डॉक्टरांची एक शिल्लक होती. ती अडली की चषक त्याचा.

"बाबा, आता बघा हं!" तो म्हणाला आणि मागे वळला.

भिंतीजवळ कोणी नव्हतं.

"बाबा कुठायत?"

"ते मघाशीच गेले," आई म्हणाली. "तू उतरवलंस म्हणून."

"अगं, उतरवलं म्हणजे मैदानात उतरवलं! खेळायला!"

आईने तोंडावर हात ठेवला. "त्यांना वाटलं, खालीच उतरवलंस. संघातून. मला म्हणाले, आधी बसवलं, आता तर चालत्या गाडीतून उतरवलं. आणि गेले."

"चष्मेवाले, वेळ चाललाय," डॉक्टर म्हणाले. "पेनल्टीत थांबायचं नाही. नियम तुम्हीच मान्य केलाय."

नियम डॉक्टरांचाच होता, पण मान्य सगळ्यांनी केला होता. चष्मेवाल्याने खिडकीतून खाली पाहिलं. समोरच्या थांब्यावर बस लागत होती, आणि पुढे सरकणाऱ्या चार-पाच माणसांच्या रांगेच्या शेवटी, एका बाजूचे केस आखूड असलेलं एक डोकं दिसत होतं.

त्याने कंट्रोलर आईच्या मांडीवर ठेवला, पर्सच्या वर, आणि धावत सुटला.

बस सुटता सुटता त्याने दांडा पकडला. आत गाडी जवळजवळ रिकामी होती. बाबा मागच्या दाराशी उभे होते, त्यांच्या जुन्या जागेवर. त्यांच्यासमोर तरुण कंडक्टर मुलगी उभी होती, नोकरीत नवीच असावी. गणवेशाची इस्त्री अजून मोडली नव्हती.

"काका, बसून घ्या ना. जागाच जागा आहे."

"मी बसत नाही."

"अहो, वळणावर पडाल."

"वळणावर पडायला मी काय प्रवासी आहे?"

"मग कोण आहात?"

बाबांनी वरचा दांडा घट्ट धरला. तेवढ्यात चष्मेवाला धापा टाकत पुढे आला. "बाबा! उतरवलं म्हणजे मैदानात उतरवलं! तुम्ही खेळताय! आत्ता, या क्षणी, तुम्ही गोलात आहात!"

"गाडीतून उतरवतात," बाबा म्हणाले. "मैदानात पाठवतात."

"मैदानातही उतरवतात!"

"कोण म्हणतं?"

"पेपरात रोज छापून येतं, बाबा. अमक्याला मैदानात उतरवलं, तमक्याला उतरवलं. पाच दिवस उभ्याने तोच पेपर वाचताय ना तुम्ही?"

बाबा विचारात पडले. बस वळली. ते पडले नाहीत. चष्मेवाला पडला, एका रिकाम्या सीटवर.

"म्हणजे त्या पोराला काढलंस?"

"काढलं."

"फायनलमध्ये?"

"हो."

"वेडा आहेस का तू?" बाबा म्हणाले. "चांगला खेळत होता की तो!"

"तिकीट," कंडक्टर मुलगी म्हणाली.

चष्मेवाल्याने खिसे चाचपले. पाकीट दवाखान्यात राहिलं होतं. बाबांनी शर्टाच्या खिशात हात घातला, काढला, पुन्हा घातला. "माझा पास आहे. निवृत्तांचा. दुसऱ्या शर्टात राहिला."

"मग काका, उतरावं लागेल."

"अहो, हे स्वतः कंडक्टर होते," चष्मेवाला म्हणाला. "तुमच्याच डेपोला."

"असतील. पण पास दाखवल्याशिवाय मला कसं कळणार? प्रत्येक जण म्हणतो मी कोणीतरी होतो." तिने दोरी ओढली. घंटी एकदाच वाजली, स्वच्छ. बस थांबली. "सावकाश उतरा. डावा पाय आधी."

दोघे उतरले. बस निघून गेली. तिच्या मागच्या काचेत मुलगी अजून त्यांच्याकडे बघत होती, उतरलेला माणूस परत चढत नाही ना, याची खात्री करून घेत. बाबा बसकडे बघत राहिले.

"घंटी काय मारली," ते म्हणाले. "मनगटातून मारली. हल्लीच्या पोरांना खांद्यातून मारायची खोड असते."

"बाबा, तिने तुम्हाला उतरवलं."

"उतरवलंच पाहिजे. मी असतो तर माझ्या बापालाही उतरवलं असतं." त्यांचा चेहरा आठवडाभरात पहिल्यांदा मोकळा दिसत होता. मग तो एकदम बदलला. "थांब. मी इथे आहे, तू इथे आहेस. तर तिकडे गोलात कोण आहे?"

"तुम्ही."

"आणि बटणं कोण दाबतंय?"

"आईकडे दिलाय कंट्रोलर."

बाबा चालायला लागले. चालायला म्हणजे, चष्मेवाल्याच्या खांद्याला धरून, एका पायावर लंगडत, दुसऱ्याने रस्ता मागे ढकलत ते असे निघाले की गुडघ्यांच्या डॉक्टरांनी बघितलं असतं तर फी परत केली असती. दवाखान्याचा जिना ते आडवे आडवे चढले. वरच्या खोलीत शिरले.

सगळे उभे होते. फक्त आई बसली होती, पर्स आणि त्यावरचा कंट्रोलर जसाच्या तसा मांडीवर, दोन्ही हात हवेत धरलेले, कोणी बंदूक रोखल्यासारखे.

"मी कशालाही हात लावला नाही," ती म्हणाली. "खरंच सांगते."

"झालं काय?" चष्मेवाल्याने विचारलं.

"अडवला," सलूनवाला म्हणाला. त्याचा आवाज बसला होता.

"कोणी?"

सगळ्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. मग डॉक्टरच बोलले. त्यांचं हसू कुठे गेलं होतं ते त्यांनाही ठाऊक नसावं. "मी मारायला गेलो. बघतो तर समोर बटणं दाबायला कोणी नाही. काकू हात वर करून बसलेल्या. म्हटलं, यात काहीतरी डाव आहे. डावीकडे मारावं तर तेच त्यांना हवं असणार. उजवीकडे मारावं तर तेही. शेवटी सरळ मारला. मध्ये." त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "आणि काका मध्येच उभे होते. हललेच नाहीत. चेंडू पोटात घेतला."

"म्हणजे कोणीच बटण दाबलं नव्हतं?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"हिनेही नाही?"

"मी नाही बाई," आई म्हणाली.

"आणि तू तर माझ्याबरोबर होतास."

"हो, बाबा."

बाबांनी हिशेब केला. हिशेब सोपा होता. "मग मीच अडवला," ते म्हणाले.

यावर वाद घालावा असं कोणालाच सुचलं नाही. खरं तर दुसरा कोणी उमेदवारच नव्हता. डॉक्टरांनी किल्ली आणली. काचेच्या कपाटाचं दार इतके दिवस न उघडल्यामुळे घट्ट बसलं होतं. दोघांनी ओढलं तेव्हा आतले प्लास्टरचे दात खडखडले. चषक बाहेर आला आणि चष्मेवाल्याच्या हातात पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या नेमक्या कोणासाठी होत्या हे त्याला कळेना, कारण शेवटच्या क्षणी तो एका बसमध्ये पडला होता. पण चषक जड होता आणि त्याच्याच हातात होता. त्याने तो छातीशी धरला. थंडगार लागला.

"मला बघायचंय," बाबा म्हणाले. "मी कसा अडवला ते."

गेममध्ये मागचं परत बघायची सोय होती. पडद्यावर डॉक्टरांचा खेळाडू धावत आला, चेंडू सुटला, आणि टीव्हीतले बाबा, चाळिशी ओलांडलेले, रुबाबदार मिशीचे, अजिबात न हलता उभे राहिले.

"जरा जवळून," बाबा म्हणाले. त्यांनी सलूनवाल्याची रिकामी खुर्ची ओढली, टीव्हीच्या अगदी पुढ्यात घेतली आणि तिच्यात बसले.

आईने चष्मेवाल्याकडे बघितलं. चष्मेवाल्याने सलूनवाल्याकडे बघितलं. सलूनवाल्याने ओठांवर बोट ठेवलं. डॉक्टरही काही बोलले नाहीत. खोलीतल्या एकूण एक माणसाला समजलं होतं की आता कोणी 'बसलात का' एवढं जरी म्हटलं, तरी ते परत उठतील. बाबांना स्वतःला पत्ता नव्हता. त्यांनी दोन्ही पाय लांब सोडले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि मान पुढे काढली.

"बघ, बघ. डोळा बघ माझा. चेंडूवरून हलत नाही. परत लाव."

चष्मेवाल्याने परत लावलं.

"परत."

त्याने परत लावलं. लोक पायांचा आवाज न करता एकेक करून जिना उतरू लागले. आई बाबांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली आणि तिने पर्समधून तेलाची बाटली काढली.

"आता हळू करून दाखव," बाबा म्हणाले. "पोटात येतो तिथून."

हळू करायला दोन बटणं एकदम दाबावी लागत, दोन्ही हातांनी. चष्मेवाल्याने इकडेतिकडे बघितलं, चषक दोन गुडघ्यांमध्ये धरला आणि हळू केलं.